उ: एट-ट्रॅकवर प्रॉग ऐकणं म्हणजे शिक्षा?
एट-ट्रॅकवर, म्हणजे त्या जुन्या टेप कार्ट्रिजवर, प्रॉग (प्रोग्रेसिव्ह रॉक) ऐकणं ही शिक्षाच, फायदा काहीच नाही, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. लांब गाणं मधेच फेड होतं, खट्ट वाजून ट्रॅक बदलतो आणि मूडची वाट लागते, हे मान्यच. पण फायदा काहीच नाही हे नाही पटलं. पिंक फ्लॉइडचा १९७७ चा 'अ‍ॅनिमल्स' अल्बम घ्या, त्याच्या एट-ट्रॅकवर 'पिग्ज ऑन द विंग'चे दोन्ही भाग सलग जोडलेत आणि मधे गिटारवादक स्नोई व्हाइटचा सोलो आहे जो एलपीवर (विनाइल रेकॉर्डवर) नाहीच! मी परवा परत ऐकला, अंगावर काटा. फक्त लावण्याआधी कार्ट्रिजच्या आतला टेप दाबून धरणारा फोमचा पॅड आणि टेपची टोकं जोडणारा फॉइलचा जोड बदला, माझा फोम हात लावताच भुगा झाला होता.