मटणाला कच्ची पपई: बाहेर लगदा, आत चिवट. असं का?

प्रश्न: एक किलो मटणाला कच्च्या पपईचं वाटण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला भाग तसाच राहतो. प्रमाण किती घ्यायचं?

उत्तर १: किलोला दोन मोठे चमचे पुरेत, तेही सालीसकट वाटून, कारण पपेन (प्रथिनं तोडून मांस मऊ करणारं पपईतलं एन्झाइम) चिकात असतं आणि चीक सालीलगत जास्त. पिकलेल्या पपईत ते फारच कमी. वाटण आत खोल जात नाही, म्हणून तुकडे लहान करा किंवा काट्याने टोचा. दोन-तीन तास बास. चिकनला अर्धा तास. रात्रभर नकोच, थंडीत पपेन मंदावतं, थांबत नाही.

उत्तर २: खरा घोळ शिजवताना होतो. पपेन साधारण ६० ते ७० अंशांना सर्वात जोरात चालतं. मंद आचेवर मटण त्या टप्प्यात रेंगाळलं की लगदा ठरलेलाच. कबाब असतील तर निखारे आधीच चांगले फुलवून घ्या.

उत्तर १: बरोबर. आणि रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांना हे वाढू नका.

उत्तर ३: जिलेटिनच्या पुडिंगमध्येही कच्ची पपई नको, जिलेटिन प्रथिनच असल्याने ते सेट होत नाही. चायनाग्रास चालतं.