शिबिर घेऊन नर्सचा आत्मसन्मान वाढतो का?

रात्रपाळी: कालच्या धाग्यावर ‘प्रशिक्षक’ यांनी लिहिलंय की नर्सेसना स्वतःबद्दल कमीपणा वाटतो, म्हणून कामात चुका होतात, दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घ्यावं. वाचून डोकंच फिरलं. नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. आमच्याकडे नाइटला अख्खा वॉर्ड दोघींवर. इंजेक्शनं, सलाइन, इंडेंट (औषध-साहित्याची मागणी), ओव्हर (पुढच्या पाळीसाठी पेशंटच्या नोंदी) लिहिणं, त्यात नातेवाइकांची आरडाओरड. यात चूक झाली तर ती न्यूनगंडाची?

प्रशिक्षक: मनुष्यबळ कमी आहे, मान्य. पण त्याच वॉर्डात एक सिस्टर चुकीच्या ऑर्डरला अडवते आणि दुसरी मान खाली घालून देऊन टाकते. हा फरक कशाचा?

रात्रपाळी: पाठीशी कोण आहे त्याचा! नव्या रेसिडेंट डॉक्टरने मला केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) थेट शिरेतून द्यायला सांगितलं. डायल्यूट न करता ते दिलं तर हृदय बंद पडतं. मी नाही म्हटलं, तर पेशंटसमोर ओरडला, ‘डॉक्टर तू की मी?’ मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि इन्चार्ज सिस्टरना फोन लावला. त्या क्वार्टरमधून उठून आल्या. त्या आल्या नसत्या तर पुढच्या वेळी माझंही तोंड उघडलं नसतं.

कोकणकर: आणि पेशंटचं काय? माझी आई रात्रभर बेडपॅन मागत होती, सिस्टर फिरकल्या नाहीत. आत्मसन्मान आम्हालाही असतो.

जीएनएम_खासगी: दादा, आईंचे हाल झाले ते वाईटच. पण रात्रपाळी, तुम्हाला सरकारी पगार तरी मिळतो. खासगीत या. २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान २० हजार द्या म्हटलं. शिफारस कागदावरच. माझी मूळ सर्टिफिकेटं बाँडखाली (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) मॅनेजमेंटने ठेवून घेतलीत. नोकरी सोडायची सोय नाही.

प्रशिक्षक: बाँडवर तुम्ही स्वतःच सही केलीत ना?

जीएनएम_खासगी: शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होते. बाबा शेतमजूर. तुम्ही नसती केली?

कोकणकर: मूळ कागद अडकवणं गैर आहे. नर्सिंग संघटनेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बेडपॅनची माझी तक्रार मात्र कायम आहे.

रात्रपाळी: ती असू दे, रास्त आहे. पण ती दोन सिस्टरवर नका टाकू, त्या वॉर्डात दोघीच का होत्या ते अधीक्षकांना विचारा.

प्रशिक्षक: बाँडचा प्रश्न मी विचारायला नको होता. तरी सांगतो, अडवायचं कसं, कुठल्या शब्दांत, हे शिकवता येतं.

रात्रपाळी: येत असेल. मग रेसिडेंटनाही त्याच खोलीत बसवा. आणि शिबिर ड्युटीच्या वेळात ठेवा, रिलीव्हर (बदली सिस्टर) देऊन. वीकली ऑफ खाऊन ठेवणार असाल तर आमच्या वॉर्डातून कुणी येणार नाही.