टाटा १६१२ ट्रकला कमिन्स इंजिन बसवतोय, क्लच प्लेट ३१० एमएमची की ३५२ ची?

जुनं टाटाचं ६९७ इंजिन काढलं, गिअरबॉक्स तोच ठेवायचाय. फिटर म्हणतो ३१० एमएमची प्लेट चालवून घे, पण लोड घेऊन कसारा घाट चढायचा असतो म्हणून भीती वाटते.

— दादा, ३१० नको. स्प्रिंगचा दाब तेवढाच धरला तरी मोठ्या प्लेटची पकड जास्त, कारण घर्षण मध्यापासून लांब होतं. पण आधी फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) मोजा, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणारी) बोल्ट त्याला जुळतात का बघा, नाहीतर ३५२ आणून घरीच ठेवाल.

— आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते मोजा! माझी प्लेट साइजला बरोबर होती पण तिच्या मधल्या हबमध्ये शाफ्टच जाईना, दोन दिवस गाडी उभी. इंजिन बदललं की आरसीवर नोंद पण करून घ्या.

— धन्यवाद, उद्याच मोजतो.