स्पेस स्टेशनला सामान नेणारं यान, आत माणूसच नसताना, जोडलं जातं कसं?

गच्चीवरची_आई, वाई
नमस्कार मंडळी. परवा संध्याकाळी गच्चीवरून लेकीला स्पेस स्टेशन दाखवलं, नैऋत्येकडून वर चढलं आणि चार-पाच मिनिटांत ईशान्येकडे जाता जाता सावलीत शिरून दिसेनासं झालं. ती सहावीत आहे. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला वर जाताना आमरस आणि गाजरहलवा घेऊन गेले होते हे तिच्या पक्कं लक्षात आहे, त्यामुळे पहिला प्रश्न खाण्याचाच आला, की रोजचं जेवण तिथे कोण पोचवतं. मी म्हटलं मालवाहू यानं जातात, त्यांच्यात कुणी बसलेलं नसतं. तर ती म्हणाली, मग ते लावतं कोण? आणि खरंच की, ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरने पळणारी वस्तू, तिला मागून दुसरी वस्तू जाऊन चिकटते आणि काही फुटत नाही, हे मलाच नीट समजावता येईना. तिचा दुसरा प्रश्न, सामान उतरवलं की रिकामी गाडी परत येते का? कुणीतरी सहावीतल्या मुलीला कळेल असं सांगा ना, गणित कमी असलं तरी चालेल पण चुकीचं नको.

कक्षा_५१
ताई, आधी तो साडेसत्तावीस हजारचा आकडा बाजूला ठेवा, तो जमिनीच्या हिशोबाने आहे. ठाण्याहून दादरकडे जाताना कधी कधी स्लो आणि फास्ट लोकल शेजारच्या रुळांवर अगदी एकाच वेगाने धावायला लागतात, बघितलंय ना? तेव्हा समोरच्या डब्यातला माणूस जागच्या जागी उभा दिसतो, त्याच्या हातातल्या पेपरची हेडलाईनसुद्धा वाचता येते. यान आणि स्टेशन शेवटी तसेच असतात. दोघंही सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतायत पण एकमेकांच्या मानाने जवळजवळ थांबलेले. प्रत्यक्ष टेकतात तेव्हा एकमेकांकडे येण्याचा वेग सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे मुंगी जरा घाईत असली तर जशी चालेल तेवढाच.

खरं कौशल्य त्याच्या आधी आहे, पाठलागात. रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, पण कक्षेत तसं केलं तर यान वर उचललं जातं आणि वरची कक्षा लांबची आणि हळू, म्हणजे उलट मागेच पडतं. म्हणून यान मुद्दाम खालच्या कक्षेत सोडतात. खालची फेरी छोटी असते आणि वेगही जास्त, त्यामुळे ते खालून खालून स्टेशनला गाठत येतं आणि मग इंजिन थोडं थोडं पेटवत एकेक पायरी वर चढतं. उड्डाणाची वेळसुद्धा यावरच ठरते, पृथ्वी फिरता फिरता लाँचपॅड बरोबर स्टेशनच्या कक्षेच्या रेषेखाली येतं तेव्हाच उडवायचं, ती वेळ हुकली की त्या दिवसाचं राहिलं. पूर्वी रशियाचं प्रोग्रेस यान कझाकस्तानातल्या बैकोनूरहून सुटून दोन दिवसांनी पोचायचं, जुलै २०१८ मध्ये प्रोग्रेस एमएस-०९ दोनच फेऱ्यांत, पावणेचार तासांच्याही आत पोचलं. पुण्याहून नाशिकला एसटीने याहून जास्त वेळ लागतो.

"लावतं कोण" याचं उत्तर म्हणजे यानावरचा कॉम्प्युटर. प्रोग्रेसवर कुर्स नावाची रेडिओ यंत्रणा असते, स्टेशनवरच्या अँटेनांशी सिग्नलची देवाणघेवाण करून अंतर, वेग, कोन सगळं काढते. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यान लेझर आणि उष्णता बघणारे कॅमेरे वापरतं. मध्ये मध्ये ठरलेल्या जागांवर यान थांबतं, खालून तपासणी होते, सगळं बरोबर असेल तरच पुढे यायची परवानगी. स्टेशनभोवती दोनशे मीटरचं कुंपण मानलेलं आहे, त्याच्या आत शंका आली की मागे फिरायचं, वाद नाही.

आणि एक प्रकार असा की यान स्वतः चिकटतच नाही. अमेरिकेचं सिग्नस स्टेशनपासून दहा-बारा मीटरवर येऊन नुसतं तरंगत राहतं, मग आतला अंतराळवीर सतरा मीटर लांबीचा कॅनडार्म-२ हा यांत्रिक हात चालवून त्याला पकडतो आणि मग ते दाराला नेऊन बसवतात. जपानी यानंही अशीच पकडतात. यात फायदा दाराचा. हाताने बसवलेल्या यानाचं दार सव्वा मीटरच्या वर रुंद मिळतं, आपोआप जोडणाऱ्या दाराची मोकळी जागा साधारण ऐंशी सेंटीमीटर, त्यामुळे मोठी कपाटं आणि यंत्रं याच वाटेने आत जातात.

शंटर_दौंड
मी रेल्वेत होतो, सगळी नोकरी शंटिंगमध्ये गेली, आता रिटायर. वरचं वाचून फार बरं वाटलं म्हणून लिहितोय. आमच्याकडे इंजिन डब्याला लावताना पॉइंट्समन हात दाखवून हळू हळू म्हणत आणतो, आधी उभं करायचं, मग परत एवढंसं पुढे, आणि कपलर बसला की काम संपत नाही, ओढून बघायचं बसला का, मग हवेचे पाईप जोडायचे, प्रेशर धरतंय का ते बघायचं आणि मगच गाडी सोडायची. मी जे वाचलंय त्यात अगदी हेच आहे. प्रोग्रेसच्या पुढे एक दांडा असतो तो समोरच्या नरसाळ्यासारख्या खड्ड्यात शिरून अडकतो, ती पहिली पकड, मग दांडा आत ओढून घेतात आणि कड्यावरचे हुक लागतात ती पक्की पकड. त्यानंतर मधल्या जागेत हवा सोडून गळती नाही ना ते बघत बसतात, दार लगेच उघडत नाहीत. आणि आमच्यासारखेच पाईपसुद्धा जोडले जातात, त्यातून रॉकेटचं इंधन स्टेशनच्या टाक्यांत जातं. जानेवारी १९७८ मध्ये पहिलं प्रोग्रेस सॅल्यूत-६ या सोव्हिएत स्पेस स्टेशनला गेलं तेव्हापासून हे चालू आहे. मला तर त्या लोकांचा फार आदर वाटतो, आमच्याकडे निदान माणूस कंदील घेऊन शेजारी उभा असायचा.

पाटी_पेन्सिल
शंटर काका, किती छान लिहिलंत. त्या इंधनाबद्दल एक जोडते. चारशे किलोमीटरवरसुद्धा हवा अगदी विरळ का होईना असते, तिच्या घर्षणाने स्टेशन सारखं खाली येत असतं, म्हणून मागे लावलेल्या प्रोग्रेसचं इंजिन अधूनमधून पेटवून अख्खं स्टेशन वर ढकलतात. म्हणजे सामानाची गाडीच घराला धक्का देते. आता सिग्नस आणि ड्रॅगननेही हे काम करून दाखवलंय.

कीबोर्ड_कोल्हापूर
कंदीलवाल्या माणसाची गरज किती असते ते मीर या रशियाच्या जुन्या स्पेस स्टेशनवर दिसलं होतं. २५ जून १९९७. कुर्स यंत्रणा कीव्हमध्ये बनायची, सोव्हिएत संघ फुटल्यावर ती रशियाला महागात पडायला लागली, म्हणून तिच्याशिवाय हाताने यान आणता येतं का ते बघायचं ठरलं. कमांडर वासिली त्सिब्लियेव मीरमध्ये बसून प्रोग्रेस एम-३४ च्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर बघत ते चालवत होते. अंतर आणि वेग सांगणारं रडार बंद, मागे पृथ्वीचे ढग, त्यात स्टेशन नीट ओळखूही येईना. त्यांचे सहकारी अलेक्सांद्र लाझुत्किन खिडकीतून बघत होते, त्यांना दिसलं तेव्हा यान फार जवळ आलं होतं, वेग हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते स्पेक्त्र नावाच्या भागावर आदळलं. सोलर पॅनल मोडलं, भोक पडलं, हवा बाहेर जायला लागली, कानांत दडे बसायला लागले. स्पेक्त्रच्या दारातून केबली गेलेल्या होत्या म्हणून दार लागेना, मग लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकेल फोल यांनी त्या केबली सोडवल्या, काही कापल्या आणि झाकण लावून तो भाग कायमचा वेगळा केला. फोल यांचं बहुतेक सामान त्यातच राहिलं. तिघंही वाचले, पण सात टनांची वस्तू हळू आली तरच पाहुणा, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आजसुद्धा प्रोग्रेस येतं तेव्हा आतले रशियन अंतराळवीर हाताने चालवायच्या पॅनलपाशी तयार बसलेले असतात, कॉम्प्युटरवर सोडून झोपत नाहीत.

रोहिणी_ठाणे
ताई, तुमच्या लेकीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय कारण मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे. बहुतेक गाड्या परत येत नाहीत! सामान उतरवलं की रिकाम्या जागेत स्टेशनचा कचरा भरतात, वापरलेले कपडे (तिथे कपडे धुता येत नाहीत, पाणी परवडत नाही), जेवणाची पाकिटं, पॅकिंगचा फोम, टॉयलेटचे भरलेले डबे, आणि मग यान सोडून देतात, ते वातावरणात शिरून जळतं आणि जे काही उरतं ते दक्षिण पॅसिफिकमध्ये पडतं, जिथून जमीन आणि माणसं हजारो किलोमीटर लांब आहेत. आपल्याकडे घंटागाडी चार दिवस नाही आली तर काय होतं माहितीये ना, तिथे तर खिडकीही उघडता येत नाही.

परत येणारं एकच, ड्रॅगन. ते पॅराशूटने समुद्रात उतरतं आणि प्रयोगांचे नमुने, फ्रीजरमधलं रक्त, दुरुस्तीला आणायचे सुटे भाग असं सगळं घेऊन येतं. बारा-बारा महिने केलेल्या प्रयोगाचा नमुना हातात मिळतो तो त्यामुळेच.

आणि हे लेकीला नक्की सांगा, जळायला निघालेल्या सिग्नसमध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम आगी लावल्यात. २०१६ पासून २०२४ पर्यंत सफायर नावाचे सहा प्रयोग झाले. वजन नसताना आग कशी पसरते हे मोठ्या प्रमाणावर बघायचं तर माणसं असलेल्या स्टेशनमध्ये कसं बघणार? म्हणून यान स्टेशनपासून लांब गेल्यावर आतल्या पेटीत कापड वगैरे पेटवायचं, कॅमेऱ्याने टिपायचं आणि माहिती खाली पाठवून झाली की यान स्वतःच जळायला जातं. जाता जाता इतकं काम करून जाणारी वस्तू मला दुसरी माहीत नाही.

कक्षा_५१
रोहिणीताई, मस्त. खाण्याच्या प्रश्नावर कुणी आलंच नाही म्हणून परत लिहितो. १ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया हे स्पेस शटल तुटलं, कल्पना चावला आणि इतर सहाजण गेले, आणि मग जुलै २००५ पर्यंत एकही शटल उडालं नाही. स्टेशनवर तीनऐवजी दोघंच ठेवले कारण सामान नेणारं एकटं प्रोग्रेस उरलं होतं. २००४ च्या शेवटी लिरॉय चिआओ आणि सालिझान शारिपोव वर होते तेव्हा हिशोबापेक्षा जेवण कमी निघालं, दोघांना कमी खायला सांगितलं, आणि प्रोग्रेस आलं नाही तर स्टेशन सोडून खाली यायचं असंही ठरलेलं. ते आलं २५ डिसेंबरला. त्याचं दार उघडताना त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी कितीतरी वेळा केलाय.

दुसरा वाईट काळ २०१४-१५ चा. २८ ऑक्टोबर २०१४, सिग्नस नेणारं अँटारेस रॉकेट व्हर्जिनियात उडाल्यावर पंधराएक सेकंदांत फुटलं. २८ एप्रिल २०१५, प्रोग्रेस एम-२७एम कक्षेत गेलं पण गरागरा फिरत राहिलं आणि दहा दिवसांनी जळालं. २८ जून २०१५, ड्रॅगन नेणारं फाल्कन-९ सव्वादोन मिनिटांनंतर फुटलं, हेलियमच्या बाटलीला धरणारी एक पट्टी तुटली म्हणून. आठ महिन्यांत तीन वेगवेगळी यानं, तीन वेगळी कारणं आणि तिन्ही तारखा २८. अमेरिकेतल्या काही शाळकरी मुलांचा प्रयोग पहिल्या स्फोटात गेला, त्यांनी तो परत बनवला आणि तो तिसऱ्या स्फोटात गेला, हे वाचून मला खरंच गलबलून आलं होतं. पण वर कुणी उपाशी राहिलं नाही, कारण साठा काही महिन्यांचा ठेवलेला असतो. ५ जुलैला पुढचं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं मालवाहू यान कोउनोतोरी. एकाच कंपनीवर किंवा एकाच देशावर अवलंबून राहू नका असं म्हणतात ते इथे कागदावरचं नाही, जेवणाचं आहे.

पाटी_पेन्सिल
आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जे सिग्नस गेलं त्याचं नाव एस. एस. कल्पना चावला होतं. त्यातून स्टेशनसाठी नवीन टॉयलेट गेलं होतं. शाळेत हे सांगितलं की मुलं आधी टॉयलेटवर हसतात आणि मग नाव ऐकून एकदम गप्प होतात.

कीबोर्ड_कोल्हापूर
आपलं स्पेडेक्स राहिलं की, इस्रोचा दोन उपग्रह अंतराळात जोडायचा प्रयोग. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह सोडले, चेसर आणि टार्गेट. जानेवारीत तारीख दोनदा पुढे ढकलली, लोक लगेच नावं ठेवायला लागले, पण १२ जानेवारीला तीन मीटरपर्यंत नेऊन परत मागे घेतले, मोजमापं तपासली आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडले. रशिया, अमेरिका, चीननंतर चौथा देश आपला. १३ मार्चला सोडवले आणि २० एप्रिलला परत जोडले. तीन मीटरवरून मागे फिरणं हे मला जोडण्याइतकंच मोठं वाटतं, वर मीरचं लिहिलंय ना, तिथे नेमकं तेच जमलं नव्हतं. २०३५ पर्यंत आपलं स्वतःचं स्टेशन उभं करायचं ठरलंय, त्याला सामान पोचवायला हेच लागणार.

गच्चीवरची_आई, वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. लोकलचं तिला लगेच पटलं, मागच्या दिवाळीत मावशीकडे डोंबिवलीला गेलो होतो तेव्हा तिने ते पाहिलेलं. शंटर काका, तुमचं पोस्ट तिच्या आजोबांनी दोनदा वाचायला लावलं. तिचा आता पुढचा प्रश्न आहे, सामानाचं यान स्टेशनला लागायच्या आधी आपल्याला गच्चीवरून वेगळं दिसतं का?

कक्षा_५१
दिसतं! ते पोचायच्या किंवा सुटायच्या दिवशी आपल्याकडून संध्याकाळचा किंवा पहाटेचा मार्ग जुळायला हवा, एवढंच. स्टेशन लख्ख दिसतं, आणि त्याच वाटेवर थोडं पुढे किंवा मागे एक बारीक फिकट ठिपका त्याच वेगाने सरकत असतो, साधी दुर्बीण असेल तर नक्की दिसेल. पुढचं उड्डाण जाहीर झालं की वाईच्या वेळा काढून इथेच टाकतो. पश्चिमेकडचे लाईट बंद करा आणि दहा मिनिटं आधी गच्चीवर जाऊन थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान तेवढा वेळ लागतो.