लेक मीड: कपात आधी कोणाच्या पाण्यात?

टीएमसी:
अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाचा हा जलाशय जुलै 2022मध्ये समुद्रसपाटीपासून 1,041 फुटांपर्यंत उतरला. पातळी 895च्या खाली गेली की धरणातून पाणी पुढे सुटतच नाही. माझं मत स्पष्ट आहे, कपात आधी कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅली या शेतीच्या खोऱ्यातल्या लसूणघासावर यावी. कॅलिफोर्नियाच्या वर्षाच्या 44 लाख एकर-फुटांपैकी (एक एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) 31 लाख या एका खोऱ्याच्या वाट्याला. म्हणजे सुमारे 135 टीएमसी, आपल्या उजनीच्या पूर्ण साठ्याहून जास्त! अख्ख्या नेवाडा राज्याला मिळतात 3 लाख.

पोटचारी:
साफ असहमत. एक तर त्यांचा हक्क जुना आहे. दुसरं, कोलोरॅडोचं पाणी क्षारयुक्त. पिकाला लागतं तेवढंच दिलं तर क्षार मुळांपाशी साचतात आणि दोन-चार हंगामांत जमीन पांढरी पडते. म्हणून जास्तीचं पाणी देऊन क्षार खाली धुवायचे आणि जमिनीत पुरलेल्या सच्छिद्र पाइपांतून बाहेर काढायचे. हा निचरा सॉल्टन सी या खाऱ्या सरोवरात जातो. तो घटला की तळ उघडा पडतो, वारा सुटला की तीच बारीक धूळ आसपासच्या वस्त्यांतल्या पोरांच्या छातीत जाते. ही किंमत तुमच्या हिशोबात कुठे आहे?

टीएमसी:
धुळीचा मुद्दा मान्य. पण घास मोडा असं मी म्हणतच नाही. ऐन उन्हाळ्यात तो पाणी सर्वांत जास्त पितो आणि कापणी हलकी देतो. तेव्हा 45 ते 60 दिवस पाणी तोडलं तर वरचा पाला वाळतो, मुळं तगतात, पुन्हा पाणी दिलं की फुटवा येतो. 2024मध्ये तिथे मोबदला देऊन हेच केलं.

कोरडवाहू:
दोघांनीही ॲरिझोना सोडलं. 2022च्या पहिल्या अधिकृत कपातीत त्यांचे 5,12,000 एकर-फूट गेले, कॅलिफोर्नियाचा थेंबही नाही, कारण 1968च्या कायद्याने ॲरिझोनाच्या कालव्याचा क्रम मागे ठेवला. पिनाल काउंटीतले शेतकरी पुन्हा विहिरींकडे वळले, आणि तिथली जमीन उपशाने आधीच खचलेली, भेगाळलेली.

लास वेगसची काळजी जरा कमी करा. घरातलं सांडपाणी शुद्ध होऊन परत जलाशयात जातं, तेवढं जादा उचलता येतं. पाण्याचा खरा खर्च बागांचा. शिवाय 2020पासूनचं त्यांचं खोल पंपिंग स्टेशन 895च्या खालचंही पाणी उचलू शकतं. धरणाच्या खाली, नदीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या मेक्सिकोच्या शेतकऱ्याकडे असा पंप नाही.

पोटचारी:
मोबदला मिळणार असेल तर उन्हाळी खंड मलाही चालेल. पण वाचलेल्या पाण्यातला ठरावीक वाटा सॉल्टन सीसाठी आधी लिहून द्या.