टिनटिन मोकळा झालाय, पण कुठे?
'२०२५पासून टिनटिन आणि पॉपाय सगळ्यांचे झाले, आता खुशाल टी-शर्ट छापा' असं कुणीतरी लिहिलंय, म्हणजे कॉमिक्समधल्या या दोन पात्रांवरचा कॉपीराइट संपला. अमेरिकेपुरतं ठीक आहे, तेही अर्धंच. तिथे १९२९ साली जे छापलं गेलं, तेवढंच ९५ वर्षांनी, २०२५ला खुलं झालं. म्हणजे सोव्हिएत रशियाच्या सफरीवर निघालेला कृष्णधवल टिनटिन. त्यात सुरुवातीला त्याची ती प्रसिद्ध झुलपंही उभी नाहीत, कपाळावर चपटी बसलेली आहेत. भरधाव गाडीत बसल्यावर वाऱ्याने जी उभी राहतात ती कायमचीच. त्याचा दोस्त कॅप्टन हॅडॉक तर १९४१चा, त्याला अजून बराच अवकाश आहे.

आपल्याकडे मात्र हिशोब प्रकाशनाच्या वर्षावरून नाही, चित्रकाराच्या मृत्यूवरून होतो. मृत्यूनंतरची ६० वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. टिनटिनचा चित्रकार एर्जे गेला १९८३ला, म्हणजे भारतात टिनटिन २०४३ संपेपर्यंत बंद. युरोपात ७० वर्षं, म्हणजे २०५३. पॉपायचं नेमकं उलटं: त्याचा जनक सीगर १९३८लाच गेला, त्यामुळे युरोपात त्याची मूळ चित्रं २००९पासूनच खुली आहेत, अमेरिकेच्या तब्बल १६ वर्षं आधी! आणि ट्रेडमार्क, म्हणजे नाव-चिन्हावरचा व्यापारी हक्क, हे प्रकरण वेगळंच, त्याला अशी मुदत नसते, नूतनीकरण करत राहिलं की चालू. टी-शर्टवाल्याला नोटीस आली तर बहुधा तिथूनच येईल.