एपकॉटचे अकरा देश आणि आपली चिल्लीपिल्ली

प्रेषक: नवीन सभासद (मोठी चार वर्षांची, धाकटा दोन)
प्रति: मंडळाचे सर्व सभासद
विषय: ओरलँडोचं एपकॉट, लहान मुलांसह, सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटी आम्ही चौघं आणि सासूबाई ओरलँडोला जातोय. तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कबद्दल विचाराल तेवढी माहिती मिळते, पण माझं मन त्यांच्याच एपकॉट पार्कच्या वर्ल्ड शोकेस या भागात अडकलंय. तिथे तळ्याभोवती अकरा देशांची पॅव्हेलियनं, म्हणजे त्या त्या देशासारख्या उभारलेल्या इमारती आहेत म्हणे. मोठीला सध्या नकाशाचं वेड लागलंय. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून ती रोज विचारते, "इथे कोण राहतं?" म्हणून तिला तिथे न्यायचंय. पण ओळखीच्या दोघातिघांनी सांगितलं की तो भाग मोठ्यांसाठी आहे, मुलं कंटाळतात. धाकटा अजून स्ट्रोलरमध्ये असतो आणि सासूबाईंना फार चालवत नाही. एक अख्खा दिवस तिथे द्यावा का? कोणी छोट्यांना घेऊन गेलं असेल तर जरा मोकळेपणाने लिहा.

---

प्रेषक: बालवर्गाच्या ताई
विषय: उत्तर: ओरलँडोचं एपकॉट, लहान मुलांसह

अगं, दिवस नक्की दे. फक्त त्या दिवसात अकरा देश करायचे असं ठरवून जाऊ नकोस.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्या खेपेला माझा मुलगा पाच वर्षांचा होता आणि मी हट्टाने सगळे अकरा देश एका दिवसात उरकले. तळ्याभोवतीचा रस्ता जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे. नुसता चालायला काही वाटत नाही, पण मुलाच्या पावलांनी, उन्हात, प्रत्येक दारात थांबत गेलं की दिवस संपतो. घरी आल्यावर त्याला विचारलं, काय काय पाहिलंस? तो म्हणाला, "छोटी आगगाडी." बाकी काहीच नाही. मला फार वाईट वाटलं, कारण त्या आगगाडीपाशी तो रडत असताना मी त्याला ओढून इटलीत नेलं होतं.

ती आगगाडी जर्मनी आणि इटलीच्या मध्ये, रस्त्याच्या कडेलाच आहे. बुटकी घरं, पूल, बोगदे आणि त्यांतून फिरणाऱ्या गाड्या. रांग नाही, तिकीट नाही, उंचीची अट नाही. तुझा दोन वर्षांचा मुलगा कुंपणाला धरून उभा राहिला की त्याला सगळं दिसेल. दुसऱ्या खेपेला आम्ही तिथे पाऊण तास काढला.

"मुलं कंटाळतात" असं म्हणणारे लोक बहुतेक राइड मोजत असतात. सगळ्या देशांत मिळून राइड तीनच. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या पोटात संथ होडी आहे. आत कायम संध्याकाळ असते, दूर ज्वालामुखी दिसतो, आणि होडी कुठे दचकवत नाही. दोन वर्षांच्या मुलाची पहिली राइड म्हणून ही उत्तम. नॉर्वेत फ्रोझन सिनेमावरची होडी आहे. तिला उंचीची अट नाही, पण ती थोडा वेळ उलटी जाते आणि शेवटाकडे एक छोटा उतार आहे. मोठीला आधी सांगून ठेव, मग ती घाबरायची नाही. फ्रान्समध्ये रेमी उंदराची राइड, ती २०२१ मध्ये सुरू झाली. त्यात आपण उंदराएवढे होतो आणि स्वयंपाकघर अवाढव्य दिसतं. तिलाही उंचीची अट नाही.

पण खरी गंमत राइडबाहेर आहे. चीनच्या पॅव्हेलियनमध्ये बीजिंगच्या स्वर्गमंदिराची छोटी प्रतिकृती आहे. तिच्या गोल दालनात बरोबर मधोमध उभं राहून बोललं की आपलाच आवाज आपल्या कानात परत येतो. माझी मुलगी तिथे स्वतःचं नाव किती वेळा म्हणाली असेल, देव जाणे. चीन आणि जर्मनीच्या मध्ये आफ्रिकेची छोटी जागा आहे, तिथे ढोल ठेवलेत आणि मुलांनी ते वाजवायचेच असतात. जपानमध्ये माशांचं तळं आहे. इंग्लंडमध्ये लाल टेलिफोन बूथ आहेत, मुलं आत शिरून बराच वेळ कोणाकोणाशी बोलत बसतात.

आणि किडकॉट विसरू नकोस. प्रत्येक देशात मुलांसाठी एक टेबल असतं. तिथे त्या देशाचं कार्ड फुकट मिळतं आणि टेबलावरचे लोक मुलांशी बोलतात. बहुतेक पॅव्हेलियनमध्ये काम करणारी तरुण मंडळी त्या त्या देशातून आलेली असतात, त्यांच्या नावाच्या पट्टीवर गावही लिहिलेलं असतं. नकाशावर बोट ठेवणाऱ्या मुलीला "इथे कोण राहतं?" याचं उत्तर तिथे समोर उभं असतं. तिला तुझ्या मागे उभी करू नकोस. तिलाच पुढे होऊन विचारू दे.

---

प्रेषक: जुळ्यांचे बाबा
विषय: उत्तर: उत्तर: ओरलँडोचं एपकॉट

ताईंच्या बहुतेक गोष्टी पटल्या, एक नाही. अकराही कार्डं गोळा करू द्यायला काय हरकत आहे? आमच्या जुळ्या साडेपाच वर्षांच्या होत्या आणि "अजून चार राहिली" या एका वाक्यावर त्या शेवटपर्यंत चालल्या. ज्याला गोळा करायला आवडतं, त्या मुलासाठी तोच खेळ असतो.

आता कामाचं:

बहुतेक देश सकाळी अकराला उघडतात, पार्कचा पुढचा भाग त्याआधी. तेव्हा सकाळी पुढच्या भागातली मत्स्यालयाची राइड करा आणि मग देशांकडे वळा. मोठीची उंची घरीच बूट घालून मोजा. सोअरिंग नावाच्या राइडला १०२ सेंटीमीटर लागतात. ती राइडही एक सफरच आहे, पाय हवेत लोंबकळतात आणि खालून प्रदेश सरकतात. मोठी बसली आणि धाकटा नाही, तर रायडर स्विच मागा. एक पालक धाकट्याबरोबर बाहेर थांबतो आणि दुसरा आला की पूर्ण रांग न लावता आत जातो.

तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. बाळांसाठी एक वेगळं केंद्र आहे, मेक्सिकोच्या थोडं अलीकडे. डायपर बदलायला, दूध पाजायला शांत, थंड जागा. पहिल्यांदा दिसेल तेव्हाच रस्ता लक्षात ठेवा, बाळ रडायला लागल्यावर शोधू नका.

सासूबाईंसाठी: तळ्यात बोटी चालतात. पुढच्या बाजूने बसलं की पलीकडे जर्मनी किंवा मोरोक्कोच्या धक्क्याला उतरता येतं, अर्धा फेरा वाचतो. अमेरिकेच्या पॅव्हेलियनमधला कार्यक्रम साधारण अर्ध्या तासाचा आहे. खुर्च्या आहेत, वातानुकूलन आहे, दुपारी दोनला याहून चांगलं काही नाही. याउलट चीन आणि कॅनडाचे चित्रपट चहूबाजूंच्या पडद्यांवर असतात आणि ते उभ्याने बघायचे. सासूबाईंचे पाय दुखतील आणि कडेवरचं मूल जड होईल. ते दोन्ही सोडा.

मेअखेरीस दुपारी गडगडाटी पाऊस येऊ शकतो. रेनकोट सोबत ठेवा आणि स्ट्रोलरचं प्लास्टिकचं आवरणही.

---

प्रेषक: बालवर्गाच्या ताई
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ओरलँडोचं एपकॉट

साडेपाच आणि चार यांत फार फरक आहे हो. साडेपाचला "अजून चार" कळतं. चारला फक्त "आत्ता" कळतं. कार्डं गोळा करायची असतील तर खुशाल करावीत, पण चार वर्षांच्या मुलीला आगगाडीपासून ओढून नव्हे. हे मी स्वतः केलंय म्हणून इतक्या ठामपणे लिहितेय.

---

प्रेषक: वाचनालयाचे काका
विषय: उत्तर: ओरलँडोचं एपकॉट (थोडा इतिहास)

सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघे नातवंडांबरोबर गेलो होतो. माझ्या नातीने जपानच्या दारात उभं राहून विचारलं, "आजोबा, हे खरं आहे का?" हा प्रश्न तुमची मुलगीही विचारेल, म्हणून लिहितो.

मी तिला सांगितलं की इमारती नकला आहेत आणि माणसं खरी आहेत. तिला ते लगेच पटलं. मग तिने खेळच सुरू केला, काय खरं आणि काय नक्कल ते शोधायचं. पॅरिसचा आयफेल टॉवर तिथे मूळच्या सुमारे एक दशांश आहे, पण घरांच्या मागे असा उभा केलाय की तो लांबचा वाटतो. कित्येक इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेत, त्यामुळे त्या असतात त्याहून उंच दिसतात. मुलांना हे समजावणं सोपं आहे. त्यांना एक डोळा मिटून अंगठ्याने झाड झाकायला सांगा.

मोरोक्कोत मात्र उत्तर बदलतं. एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलं तेव्हा नऊ देश होते. मोरोक्को १९८४ मध्ये आला, नॉर्वे १९८८ मध्ये. मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी या कामासाठी आपले कारागीर पाठवले. भिंतींवरच्या टाइल्सचे बारीक तुकडे त्या हातांनी बसवलेले आहेत. नातीला म्हटलं, ही भिंत नक्कल आहे की खरी? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भिंत नक्कल, काम खरं." ती तेव्हा सात वर्षांची होती. मी तिला काही शिकवलं नव्हतं.

भारत तिथे नाही, हे मोठीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती शोधत बसेल. पण जपानच्या पाच मजली पॅगोडापाशी तिला थांबवा. तो नारा इथल्या होर्यूजी मंदिराच्या पॅगोडावरून बेतलाय, आणि पॅगोडा हा आपल्या स्तूपाचा वंशज. सांची, कार्ले इथले स्तूप चीनमार्गे पूर्वेला जाता जाता उंच होत गेले. अर्धगोलाचा मनोरा झाला, पण माथ्यावरच्या छत्र्या अजून ओळखू येतात. कार्ल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि तिथे शेजारी धरून दाखवा.

भारतासारखं काही पाहायचंच असेल तर त्याच परिसरातल्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कमध्ये आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव आहे. तिथे पडक्या राजवाड्याच्या अवशेषांतून पायवाट जाते आणि वाघ दिसतात. उंचीची अट नाही, स्ट्रोलर जातो.

शेवटी, मॅजिक किंगडमला जाल तेव्हा इट्स अ स्मॉल वर्ल्ड चुकवू नका. देशोदेशीच्या बाहुल्यांमधून होडी जाते. मूळ राइड १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफच्या पॅव्हेलियनसाठी केली होती. बाहुल्यांची ती रंगसंगती मेरी ब्लेअर या चित्रकर्तीची. शेवटच्या दालनात सगळ्या देशांच्या बाहुल्या पांढऱ्या कपड्यांत येतात. माझा दीड वर्षांचा नातू अख्खी राइड एक शब्द न बोलता बसला आणि होडीतून उतरताना त्याने बाहुल्यांना हात हलवला.

---

प्रेषक: नवीन सभासद
विषय: उत्तर: ओरलँडोचं एपकॉट, जाऊन आलो!

ताई, काका, आणि जुळ्यांचे बाबा,

कालच परतलो. सामान अजून बॅगांतच आहे, पण आधी तुम्हाला लिहायला बसले.

आमचे साडेचार देश झाले. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, आणि बोटीने मागे येऊन संध्याकाळी अर्धा इंग्लंड. धाकटा आगगाडीपाशी पन्नास मिनिटं होता. मी घड्याळ बघत होते, खोटं कशाला बोलू, पण ताईंचा मेल आठवला आणि बाकावर बसले. सासूबाई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक गाडी बोगद्यात शिरली की "गेली!" आणि बाहेर आली की "आली!" असं दोघं ओरडत होते. थोड्या वेळाने अनोळखी चार मुलंही "आली!" म्हणायला लागली. मराठीत!

फ्रोझनच्या होडीत मोठीने उतार आला तेव्हा माझा हात घट्ट धरला आणि खाली पोचल्यावर म्हणाली, "तू सांगितलं होतंस ना, तेच होतं." चीनच्या गोल दालनात ती स्वतःचं नाव म्हणाली, मग धाकट्याचं, मग आजीचं. पाऊस चारला आला, आम्ही आवरणासकट तयार होतो. जपानचा पॅगोडा राहिला काका, फोटो फोनमध्ये तसाच आहे.

एक गोष्ट सविस्तर सांगते. चीनच्या किडकॉट टेबलावर एक तरुण मुलगी होती. मोठीला मी पुढे होऊ दिलं. तिने विचारलं, "तू इथे राहतेस?" ती मुलगी म्हणाली, सध्या इथे, पण माझं घर लांब आहे, आणि टेबलावर बोटाने चीनचा आकार काढून आपलं गाव कुठे ते दाखवलं. मोठी एकदम गंभीर झाली. मग त्या मुलीने तिचं नाव विचारून कार्डावर चिनी अक्षरांत लिहून दिलं आणि म्हणाली, आता तुझ्या भाषेत मला लिहून दे.

मोठीला देवनागरीत स्वतःच्या नावाचं पहिलंच अक्षर येतं. तिने ते अक्षर लिहिलं, वर रेघ ओढली, रेघ कागदाच्या कडेपर्यंत नेली. पुढचं येईना म्हणून माझ्याकडे बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, एवढं मला पुरे, आणि तो कागद घडी करून आपल्या खिशात ठेवला.

आज सकाळी मोठी उठल्या उठल्या वही घेऊन माझ्याकडे आली. दुसरं अक्षर झालंय. तिसऱ्यात वेलांटी आहे, ती उद्या. ताई, बालवर्ग रविवारी किती वाजता असतो?